शाळा जवळ, पण मधे मोठा रस्ता

प्रश्न : ताई, वडोदऱ्यात नवीन सोसायटीत आलोय, प्राथमिक शाळा जवळच आहे पण मधे चारपदरी रस्ता, पोरगी सहा वर्षांची, कशी पाठवू?

उत्तर : तुझी काळजी खरी आहे गं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्याच्या केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किमीच्या आत हवी असं आहे, पण नुसतं अंतर मोजून काय होतं, वाटेत पोरांना धोका असेल तर तो टाळून शाळेची जागा ठरवावी असंही त्यातच लिहिलंय आणि हेच कुणी वाचत नाही! तेव्हा सगळ्या आयांनी मिळून महापालिकेत अर्ज द्या, बागेजवळ, आतल्या रस्त्यावर शाळा मागा, तोवर निदान झेब्रा क्रॉसिंग आणि स्पीडब्रेकर तरी. सयाजीरावांनी १९०६ मध्येच संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेलं हे गाव आहे, बिनधास्त मागा.