मुलीच्या शाळेत की-ओ-राही शिकवणार आहेत. हा रग्बीसारखा धसमुसळा खेळ आहे का?

तुम्ही लिहिलंय की ऑकलंडला येऊन दोनच महिने झालेत, मुलगी अकरा वर्षांची आहे, अंगाने बारीक आहे आणि इंग्रजी बोलायला अजून बिचकते. मी नाशिकहून इथे आले तेव्हा बारा वर्षांची होते आणि पहिल्याच सत्रात हा खेळ शिकले. तिला नक्की खेळू द्या.

की-ओ-राही हा माओरींचा, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचा, चेंडूचा खेळ. रग्बीसारखं अंगावर पडणं यात नसतं. शाळेत कमरेला पट्टा बांधतात आणि त्याला दोन फिती लटकत असतात. चेंडू ज्याच्या हातात असेल त्याची फीत ओढली की त्याला अडवलं, असं धरतात.

मैदान गोल असतं. मधोमध पिंपासारखं लक्ष्य ठेवतात, ते तुपू. भोवतीने सात खांब, ते पोऊ. मैदानाचे पट्टे पाडलेले असतात. त्यांना मोतू म्हणजे बेट, रोतो म्हणजे तळं अशी नावं आहेत, आणि कोणी कुठे शिरायचं हे ठरलेलं असतं. सात-सात जणांचे दोन संघ. तानिफा संघाने चेंडू मारून तुपूला नेम साधायचा. कीओमा संघाने चेंडू घेऊन पोऊंना शिवत जायचं आणि मग आतल्या पट्ट्यात घुसून चेंडू टेकवायचा. पुढे दोन्ही संघ बाजू बदलतात.

खरी गंमत कीओमाच्या डावात आहे. नुसतं खांबाला शिवून गुण पदरात पडत नाहीत, चेंडू आत टेकवला तरच पडतात. म्हणजे तीन खांब झाले की आत पळायचं, की चौथ्याचा मोह धरायचा, हे धावता धावता ठरवायचं. आमच्या संघातली सर्वात बुटकी मुलगी यात सगळ्यांना भारी होती, कारण तिचं लक्ष कायम मागून येणाऱ्या हातांकडे असायचं. ताकदीपेक्षा ही नजर लागते. डबा ऐसपैस आणि लगोरी खेळलेल्या मुलांकडे ती असते. माझा तुपूवरचा पहिला नेम लागला तो लगोरीच्या सवयीनेच. ओल्या गवतावर उभी असताना पिंपाचा तो ‘धब्ब’ आवाज आला आणि नावही माहीत नसलेल्या मुलींनी मला मिठी मारली. भाषेची भीती मला वाटतं त्याच दिवशी निम्मी गेली.

एक गोष्ट मात्र तिला आधीच सांगून ठेवा. डाव सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात. गावोगावी रीत थोडी वेगळी असते, म्हणून हे बोलणं खेळाचाच भाग मानतात. मुलं गप्पा मारताहेत असं समजून ती बाजूला उभी राहिली तर पुढे गोंधळेल. तिने त्यात बसावं, विचारावं. खेळामागची गोष्टही तेव्हाच सांगतात. राही नावाच्या माणसाची बायको तियारा हिला पातुपाइआरेहे, म्हणजे धुक्यात राहणारे अद्भुत लोक, पळवून नेतात आणि राही तिच्या शोधात निघतो. मैदानाचे पट्टे आणि खांब त्याच वाटेवरचे.

चेंडूला ‘की’ म्हणतात. रोजच्या सरावाला साधा मऊ चेंडू वापरतात, पण आम्हाला एकदा हाराकेके नावाच्या इथल्या लांब पात्यांच्या झुडपाच्या पात्यांचा विणायला शिकवला होता. आमच्या फाएआंनी (इथे शिक्षिकेला असं म्हणतात, आपण मावशी म्हणतो त्या मायेने) आम्हाला झुडपापाशी नेलं. मधला कोवळा कोंब म्हणजे रितो, तो लेकरू. त्याला बिलगलेली दोन्ही बाजूंची पाती हे आई-बाप. त्यांना हात लावायचा नाही, बाहेरची जुनी पातीच कापायची, आणि तीही तिरकी, म्हणजे पाणी आत साचत नाही. पावसात कापायचं नाही. त्या दिवशी आभाळ गळत होतं, म्हणून आम्ही सगळ्या तशाच परतलो आणि चेंडू पुढच्या आठवड्यात विणला. कुणी कुरकुरलं नाही.

घरी सराव हवा असेल तर अंगणात बादली पालथी ठेवा आणि धावता धावता नेम मारायला लावा. उभं राहून मारलेल्या नेमाचा इथे फारसा उपयोग नाही. आणि सातपर्यंतचे माओरी आकडे पाठ करून घ्या, खांब मोजताना मुलं तेच ओरडतात: ताही, रुआ, तोरू, फा, रिमा, ओनो, फितू. ‘फा’ आणि ‘फितू’ हे शब्द इंग्रजी अक्षरांत डब्ल्यू-एचने लिहिलेले दिसतील, पण ते ‘फ’नेच म्हणायचे.