चिखलदऱ्याच्या उतारावर टर्फ कोर्ट: पैसा कुठे घालायचा

तुमचा प्रश्न असा आहे: चिखलदऱ्याच्या घरामागे उतरती जागा आहे, मुलांना बॅडमिंटन आणि थोडं क्रिकेट खेळायचंय, आणि नागपुरात टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, टाकणाऱ्याने चौरस फुटाचा भाव सांगितलाय. होकार द्यावा का?

अजून देऊ नका. तो भाव बेसा किंवा वर्धा रोडवरच्या सपाट प्लॉटवर गवत अंथरण्याचा आहे. डोंगरावर गवत अंथरणं हे सगळ्यात सोपं काम. खर्च लागतो तो माती अडवायला आणि पाणी बाहेर काढायला, आणि ही दोन्ही कामं टर्फवाल्याच्या भावात बहुतेक नसतात.

आधी चढ मोजा. पारदर्शक नळीत पाणी भरून एका सकाळी होतं. समजा सहा फुटांना एक फूट उतार निघाला. बॅडमिंटनचं कोर्ट ४४ बाय २० फूट. भोवती मोकळी जागा धरून ६० बाय ३० करा. लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवलीत तर दोन टोकांत १० फुटांचा फरक पडतो. तेच कोर्ट डोंगराला आडवं फिरवलं की फरक ५ फुटांवर येतो, म्हणजे वरच्या अंगाला अडीच फूट खोदाई आणि खालच्या अंगाला अडीच फूट भराव. नुसती दिशा बदलून भिंतीची उंची निम्मी होते. कोर्ट उत्तर-दक्षिणच हवं, सूर्य डोळ्यांत येतो, असं कुणीतरी सांगेल. ते सपाट जागेवर बरोबर आहे. डोंगरावर मी उताराचं ऐकतो. चढ १:५ पेक्षा (पाच फुटांना एक फूट) तीव्र निघाला तर बेत तिथेच थांबवा, कारण एवढ्या चढावर विकासकामाला राज्याच्या नियमावलीत परवानगी नाही. शेजारी मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा खोदाई आणि रात्रीचे दिवे या दोन्हींबद्दल लेखी परवानगी हातात घेऊनच पुढे जा.

आता भराव. जेसीबीवाला वरची माती खाली लोटतो, बकेटने थापटतो आणि काम झालं म्हणतो. असा भराव पहिल्या जोरदार पावसात बसतो, वरचा टर्फ त्याच्याबरोबर खाली जातो आणि जोड उघडतात. मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारा, रोलर फिरवा, मगच पुढचा थर. काळी माती भरावात एक टोपलंही जाऊ देऊ नका. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते. नागपूरकराला हे घराच्या कुंपणभिंती बघून ठाऊक असतं.

खालच्या भिंतीसाठी माझी पसंती गॅबियनला, म्हणजे तारेच्या जाळीत रचलेल्या दगडांना. खोदताना काळा दगड निघतोच, तो तिथेच वापरता येतो, आणि पाणी भिंतीमागे तुंबत नाही. काँक्रीटची भिंत बांधणार असाल तर वीप होल (पाणी बाहेर पडायला भिंतीत ठेवलेली भोकं), त्यामागे गिट्टी आणि जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) हवंच. भिंत पडते ती बहुतेक वेळा मागे साचलेल्या पाण्याच्या दाबाने. चार फुटांवर उंची गेली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून डिझाइन घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. भिंतीच्या काठाशी मुलं धावणार आहेत.

चिखलदऱ्याचा पाऊस नागपूरच्या पावसासारखा समजू नका. शिवाय नुसतं आकाशातून पडणारं पाणी नाही. खोदलेल्या कडेतून पाझरही येतो, पाऊस थांबल्यावरही येत राहतो. म्हणून दोन गटारं लागतात. एक खोदाईच्या वर, डोंगरावरून वाहत येणारं पाणी बाजूला वळवणारं. दुसरं खोदाईच्या पायथ्याशी: चर, त्यात कापडात गुंडाळलेला भोकांचा पाइप, वर गिट्टी. दोन्हींचं तोंड शेजाऱ्याच्या प्लॉटवर किंवा तुमच्याच भरावावर सोडू नका. पाणी पडतं तिथे बोल्डर रचा, नाहीतर तिथूनच घळ पडायला सुरुवात होते.

पायासाठी गिट्टीचा ६ ते ८ इंचांचा दाबलेला थर, वर चुरी (दगडाचा बारीक चुरा), आणि एका बाजूला साधारण १ टक्का उतार. बरेच जण सरळ पीसीसी, म्हणजे सळ्या नसलेलं साधं काँक्रीट, करतात. पक्क्या खोदलेल्या जमिनीवर ते चालतं. अर्धी खोदाई-अर्धा भराव असेल तर दोन्हींच्या सीमेवर तडा जायची भीती असते.

गवताबद्दल थोडक्यात. बॉक्स क्रिकेटला ४०-५० मिलिमीटर उंचीचं वापरतात, पण त्यावर बॅडमिंटनचं पदलालित्य अडखळतं. तुमच्या दोन खेळांना १५-२० मिलिमीटरचं, रेती भरलेलं बरं. बास्केटबॉल मनात असेल तर त्याला वेगळा काँक्रीटचा तुकडा ठेवा. रबराचे दाणे भरू नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये असे दाणे विकण्यावर बंदीचा नियम केला, तो २०३१ पासून लागू होतोय, कारण ते मायक्रोप्लास्टिक आहे. तुमच्या उतारावरून वाहिलेला प्रत्येक दाणा खालच्या नाल्यात आणि पुढे जंगलात जाईल. धुतलेली सिलिका रेती घ्या आणि कडेला दोन-तीन इंच वर आलेला कर्ब करा, म्हणजे तीही टिकेल. उन्हाळ्यात हवा थंड असली तरी उन्हात टर्फ चटके देण्याइतका तापतो. दुपारी अनवाणी नको. आणि शेकोटी लांब.

वाहतूकही विचारून घ्या. ४ मीटर रुंद, २५ मीटर लांब रोल दोन-अडीचशे किलोंच्या घरात जातो. परतवाड्याहून घाट चढून गाडी येईल, पण गेटपासून मागच्या अंगणापर्यंत तो उचलणार कोण? २ मीटर रुंदीचे रोल घेतले तर जोड वाढतात, पण माणसांना झेपतात.

वेळापत्रक मी असं धरीन: दिवाळीनंतर खोदाई, उन्हाळ्याआधी भिंत, गटारं आणि गिट्टी-चुरी पूर्ण. मग टर्फ न टाकता एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठे साचतं, भराव कुठे बसतो, ते त्या चार महिन्यांत दिसेल. खड्डे चुरीने भरून पुन्हा रोलर फिरवा आणि कोरड्या हिवाळ्यात टर्फ चिकटवा. ओल्या हवेत जोडाचा गोंद नीट धरत नाही. मुलांना एक वर्ष थांबावं लागेल, पण तोवर चुरीच्या त्या सपाटीवर नेट बांधून खेळता येतंच.

चढाचं माप, जागेचे चारही बाजूंचे फोटो आणि पावसाळ्यात पाणी कुठून येतं ते इथे टाका. भिंतीची उंची आणि गटारांची जागा त्यावरून सांगतो.