सिंगापूरचं थिआन हॉक केंग हे समुद्रदेवीचं मंदिर समुद्रापासून इतकं आत का?

मंदिर बांधलं तेव्हा ते किनाऱ्यावरच होतं. नंतर भराव टाकून समुद्रच मागे हटवला. आज उंच इमारतींमध्ये दडलेला, मंदिरासमोरचा तेलोक आयर स्ट्रीट हा तेव्हा अगदी पाण्यालगतचा रस्ता. १८८० च्या दशकातल्या भरावाने तो आत गेला. चीनच्या फुजियान प्रांतातून जहाजाने आलेले होक्किएन लोक इथे उतरले की सुखरूप पोचल्याबद्दल आधी माझू या समुद्रदेवीला अगरबत्ती लावत. सुरुवातीला साधंसं देऊळ होतं. आजची वास्तू १८३९ ते १८४२ दरम्यान उभी राहिली, आणि खर्चाचा मोठा वाटा व्यापारी तान तोक सेंग यांनी उचलला. निव्वळ देऊळ नव्हतंच ते, होक्किएन समाजाच्या संघटनेचा कारभारही तिथूनच चालायचा. मात्र या रस्त्यावरचं प्रत्येक जुनं चिनी देऊळ माझूचं समजू नका. जवळचं फुक ताक ची हे भूमिदेव तुआ पेक काँगचं, हक्का आणि कँटोनीज या दुसऱ्या चिनी समाजांचं; तिथे आता संग्रहालय आहे. जाणार असाल तर याच रस्त्यावरचा नागोर दर्गाही बघा, तो दक्षिण भारतातून गेलेल्या मुस्लिमांनी बांधलाय.