शेतात पडलेला पाऊस कोणाचा? शेततळं आणि बांधाचं पाणी

तुमचे प्रश्न दोन. शेततळं काढल्यावर खालचा शेजारी 'माझं पाणी अडवलं' म्हणतोय. आणि वरच्या रानातलं पाणी तुमच्या सोयाबीनमध्ये घुसतं, तर बांध उंच करून ते रोखता येईल का?

तळ्यात येणारं पाणी कुठलं, ते आधी बघा. सगळं त्यावर आहे. १८८२ च्या भारतीय सुखाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीबाबत मिळणारा वापराचा हक्क) कायद्याच्या कलम ७ प्रमाणे, ठरावीक पात्र नसलेलं, रानभर पसरून वाहणारं पाणी आपल्या हद्दीत अडवायचा आणि साठवायचा हक्क जमीनमालकाचा आहे. खालच्याला ते तीस वर्षं मिळत होतं, तरी नुसत्या वहिवाटीने त्याचा हक्क बसत नाही. कलम १७ मध्ये ते स्पष्ट आहे.

तेच पाणी ओढ्याला लागलं की गोष्ट बदलते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे जे कोणाच्या खासगी मालकीचं नाही असे नदी, नाले, ओढे आणि त्यातलं पाणी सरकारचं. काठच्या शेतकऱ्याला भिजवायला पाणी घेता येतं, पण खालच्या काठकऱ्यांचं मोठं नुकसान न करता. म्हणून ओढ्यालाच आडवं घालून तळं भरत असाल, तर शेजाऱ्याची तक्रार खरी आहे.

तळ्यात पाणी येतं त्या वाटेला तुम्ही 'ओघळ' म्हणताय, पण तेवढ्यावर थांबू नका. भूमी अभिलेखमधून गावनकाशा काढा, सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीत न धरलेली जमीन) वर्ग 'ब' खाली क्षेत्र आहे का बघा. इतर लोक वापरतात त्या ओढ्या-तळ्याखालची जमीन त्यात धरतात. मधल्या काळात कोणी नांगरून ओढा बुजवला असेल, तरी नकाशावरचा ओढा जात नाही.

आता बांध. उताराने आपोआप येणारं पाणी खालच्याने घ्यावंच लागतं. बांध चढवून ते तुंबवलं आणि वरच्याचं पीक बसलं, तर तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाऊ शकतो आणि तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो. मात्र दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. पुष्कळ लोक गावकीच्या बैठकांत ही मुदत घालवतात, याचं फार वाईट वाटतं.

पण वरच्याने चारी खोदून सगळ्या रानाचं पाणी एकाच तोंडाने तुमच्यात सोडलं असेल, तर तो नैसर्गिक प्रवाह नव्हे. ते सोसायची सक्ती तुमच्यावर नाही. लगेच लेखी हरकत घ्या, नाही ऐकलं तर दिवाणी न्यायालयातून मनाई मागा. उघडपणे, हक्काने वीस वर्षं पाणी सोडत राहिला तर तोच त्याचा सुखाधिकार ठरू शकतो. पाऊस चालू असताना चारीचं तोंड आणि तुमचा बांध एकाच चौकटीत दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा. उन्हाळ्यात पंचनाम्याला गेलेल्यांना कोरडी चारी दिसते, तिच्यावरून काही कळत नाही.

शेततळ्याचा सांडवा कुठे काढलाय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या मते शेजाऱ्याचं दुखणं तिथेही असू शकतं. तळं भरल्यावर जादा पाणी पूर्वी जिथून जायचं तिथूनच जाऊ द्या. नव्या जागेतून एका धारेने त्याच्या रानात पडत असेल, तर वरच्यावर तुमची जी हरकत, तीच त्याची तुमच्यावर लागू होते.