ट्रोम्सोमध्ये दोन महिने सूर्य दिसत नाही. तिथला हिवाळा कसा काढावा?

आपण ऑक्टोबरमध्ये नोकरीसाठी नॉर्वेतील ट्रोम्सोला येत आहात आणि सूर्याविना दोन महिने कसे निभावतील, असे विचारले आहे. मी येथे सहा हिवाळे काढले आहेत.

साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजावर येत नाही आणि दक्षिणेकडील डोंगरांमुळे तो शहरातून दिसायला २१ जानेवारी उजाडते, हे खरे. परंतु चोवीस तास मिट्ट काळोख मात्र नसतो. भर दुपारी, आभाळ मोकळे असेल तर, दोनेक तास दिवेलागणीसारखा निळसर उजेड असतो आणि बर्फामुळे तो अधिकच वाटतो. खरा जड जातो तो नोव्हेंबर, कारण तेव्हा पुष्कळदा बर्फाऐवजी पाऊसच पडतो आणि ओला, काळा रस्ता उरलासुरला उजेडही गिळतो.

अंधारापेक्षा वेळेचे भान सुटते, त्याचा त्रास अधिक. पहिल्या वर्षी एका रविवारी जेवून झोपलो आणि जाग आली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच वाजले होते. सोमवारची पहाट समजून मी अंघोळ केली, डबा भरला आणि थेट बसथांबा गाठला. तिथे मोबाईलवर १७:५० पाहिले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुपारची झोप त्या दिवसापासून बंद आहे आणि सुट्टीलाही मी सातलाच उठतो. उठल्यावर १०,००० लक्सचा दिवा टेबलावर हातभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवून त्याच्या उजेडात अर्धा तास चहा-पोहे चालतात. संध्याकाळी तो लावू नये, झोप उडते; डोळ्यांचा विकार किंवा बायपोलर आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

जेवणाच्या सुट्टीत, हवा कशीही असो, बाहेर पडावे. त्यासाठी बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आणि कोटाला रिफ्लेक्टर हवेतच. ड जीवनसत्त्वासाठी येथील लोक ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ येतो त्या महिन्यांत कॉड माशाच्या यकृताचे तेल घेतात. चव अर्थातच भयंकर आहे, आणि शाकाहारी असाल तर गोळ्या मिळतात.

डिसेंबरमध्ये घरोघरी खिडकीत कागदी चांदणीचा दिवा लागतो. आमचा आकाशकंदील दिवाळीपासून जानेवारीपर्यंत त्याच रांगेत लटकलेला असतो आणि कोणालाही वावगे वाटत नाही. घडीचा कंदील बॅगेत सहज मावतो, तेवढा येताना घेऊन या.