घरच्या घरी व्हीएलएफ रिसीव्हर बनवायचाय, कुठलं सर्किट घेऊ?

सर्किटचं नंतर बघू, आधी सांगा घरात एलईडी ट्यूब, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असं काय काय आहे? रिसीव्हर करणं सोपंय हो, खरी डोकेदुखी म्हणजे या सगळ्यांचा नॉइज.

व्हीएलएफ म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, 3 ते 30 किलोहर्ट्झच्या रेडिओ लहरी, म्हणजे यातलं बरंचसं साउंड कार्डच्या आवाक्यातच येतं. ट्यूनर नको, काही नको, 48 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचं साधं यूएसबी कार्ड घेतलं तरी 24 पर्यंत दिसतं. स्पेक्ट्रम लॅब नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाका, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल आहे ते स्क्रीनवर रेघांनी दाखवतं.

मी लाकडी क्रॉसवर 1 मीटर बाजूचा चौकोनी लूप, म्हणजे तारेच्या वेढ्यांचा अँटेना केला, 26 गेजच्या इनॅमल तारेचे 50 वेढे. 200 मीटर तार लागते, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते, साधारण 300 ग्रॅम. रेझिस्टन्स 21 ओहमच्या आसपास यायला पाहिजे. टोकाचं इनॅमल नीट खरवडा, मी न खरवडताच मल्टीमीटरला शिव्या घालत बसलो होतो. लूपची टोकं कार्डाच्या माइक सॉकेटला जोडायची, पण तिथून डीसी येतो म्हणून सिरीजमध्ये 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. सिग्नल कमी पडला तर मग 5534 ऑप-अँप चिपचा छोटा प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट, एवढंच सर्किट.

पहिल्या दिवशी स्क्रीनवर 50 हर्ट्झच्या, म्हणजे घरच्या विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या रेघांचं नुसतं कुंपण. मेन स्विच पाडला तर अर्धं गेलं, उरलेलं शेजाऱ्यांचं! शेवटी सगळं उचलून शेतावर नेलं, डीपीपासून लांब, लॅपटॉप बॅटरीवर, आणि 18.2 किलोहर्ट्झवर एक रेघ उभी राहिली. ते तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणमला आपल्या नौदलाचं केंद्र आहे, पाणबुड्यांना संदेश पाठवणारं. संदेश कोडमध्ये असतो, आपल्याला फक्त रेघ. 19.8 वर ऑस्ट्रेलियाचं एनडब्ल्यूसी नावाचं तसंच केंद्र पण येतं. लूपची कड स्टेशनकडे केली की सिग्नल जोरात, तोंड त्याच्याकडे केलं की गायब, हीच युक्ती नॉइज मारायला वापरा.

तसं हे दुखणं जुनंच आहे म्हणा, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 ला अलिबागला न्यावी लागली होती, आपण तर निदान लूप उचलून फिरू शकतो.

रात्री हेडफोन लावलात तर लांबच्या विजांचे कडकड आवाज आणि मधूनच ट्यूं असा वरून खाली येणारा स्वर ऐकू येतो, त्याला ट्वीक म्हणतात, जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधून फिरून आलेला असतो तो, आणि 1.7 किलोहर्ट्झच्या जवळपास येऊन थांबतो. व्हिसलरची, म्हणजे विजेमुळेच येणाऱ्या लांबलचक शिट्टीसारख्या आवाजाची मात्र आपल्या अक्षांशावर फार आशा धरू नका. वीज जवळ कडाडायला लागली तर लूपची वायर काढून सरळ घरात या. आणि दिवसा 18.2 ची पातळी नोंदवत ठेवा, सूर्यावर मोठा फ्लेअर (भडका) झाला की ग्राफ मिनिटांत एकदम हलतो आणि मग सावकाश जागेवर येतो.