दिनविशेषाचं विजेट ब्लॉगवाल्यांपर्यंत कसं पोहोचवावं?

तुम्ही रोजचा मराठी दिनविशेष दाखवणारं विजेट (दुसऱ्याच्या साइटवर लावायचा छोटा चौकोन) बनवलंय, स्क्रिप्टची (पानात चालणाऱ्या कोडची) एक ओळ चिकटवली की ते चालतं, तरी ब्लॉगवाले लावत नाहीत, असं तुम्ही म्हणता. मी हेच काम करतो. माझ्या मते ते त्या स्क्रिप्टपाशीच अडतात.

परकी स्क्रिप्ट पानावर आली की तिथलं सगळं वाचू शकते, बदलू शकते. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्राउजअलाउड या मजकूर वाचून दाखवणाऱ्या विजेटच्या फाइलमध्ये कुणीतरी क्रिप्टो मायनिंगचा, म्हणजे वाचकाच्या कॉम्प्युटरवर गुपचूप आभासी चलन कमावणारा कोड घुसवला. ते लावलेल्या 4,000 हून जास्त साइट एका फटक्यात बाधित झाल्या, त्यांत ब्रिटनच्या सरकारी साइटही होत्या. ब्लॉगवाल्यानं घाबरावं हे रास्तच आहे.

म्हणून आयफ्रेम द्या, म्हणजे पानात दुसरं पान दाखवणारी चौकट, तीही वेगळ्या डोमेनवरून आणि सँडबॉक्स (चौकटीतल्या पानाला काय करता येईल यावर बंधनं घालणारी सेटिंग) लावून. मग विजेटला यजमान पानात हात घालता येत नाही, आणि ब्लॉगच्या थीमची सीएसएस (रंगरूप ठरवणारे नियम) तुमच्या देवनागरी अक्षरांचा विचका करत नाही. फक्त दुवे नव्या टॅबमध्ये उघडायची परवानगी सँडबॉक्समध्ये आठवणीनं द्या, नाहीतर क्लिक केलं तरी काहीच होत नाही. रुंदी 100 टक्के ठेवा, उंची मात्र कोडमध्येच ठरवून द्या. ती नसली तर ब्राउझर स्वतःची ठरलेली 150 पिक्सेल उंची धरतो, आणि त्याहून उंच विजेट अर्धवटच दिसतं.

गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर लेआउटमध्ये जाऊन एचटीएमएल/जावास्क्रिप्ट गॅझेटमध्ये कोड टाकला की झालं. वर्डप्रेस डॉट कॉमच्या मोफत ब्लॉगवर आयफ्रेम टिकत नाही, तिथल्या लोकांसाठी आरएसएस फीड (नवा मजकूर आपोआप दुसऱ्या साइटवर पोहोचवणारी यादी) ठेवा.

विजेटखाली स्वतःच्या साइटचा दुवा हवा असेल तर त्याला नोफॉलो (हा दुवा शिफारस म्हणून मोजू नका, असं सर्च इंजिनला सांगणारी खूण) लावा. विजेटमधून पसरवलेले कीवर्डवाले दुवे गूगल नियमबाह्य धरतं.

सुरुवात शाळामास्तरांच्या ब्लॉगपासून करा, हे मी मनापासून सांगतो. परिपाठात दिनविशेष रोज लागतो आणि आपल्याकडे कितीतरी शिक्षक ब्लॉग चालवतात. सरसकट मेल पाठवू नका. एकेकाला लिहा, आणि त्यांच्याच ब्लॉगच्या साइडबारमध्ये विजेट कसं दिसेल याचा स्क्रीनशॉट जोडा. विजेटच्या कोपऱ्यात 'तुमच्या ब्लॉगवर लावा' असा छोटा दुवा ठेवा, पुढचे लोक त्यातूनच येतात.

पुढेमागे विजेट बंद केलंत तरी डोमेन सोडू नका. जुने ब्लॉग तोच कोड वर्षानुवर्षं बाळगून असतात, आणि सुटलेलं डोमेन ज्याच्या हाती जाईल त्याला त्या सगळ्या ब्लॉगवर हवं ते दाखवता येतं.